प्रसूतितज्ज्ञांची इन्डेम्निटी आणि सेफ्टी ट्रेनिंगची सवलत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर ते मुलुंड आणि वांद्रे ते बोरिवली, प्रसूतिगृह छोटं असो की मोठं, रिन्युअलची तारीख जवळ आली की आमच्याकडे हेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. इन्डेम्निटी पॉलिसी नेमकं काय देते? आणि आमचा प्रीमियम फिजिशियनपेक्षा जास्त का?

उपचारात हयगय झाली असा दावा रुग्णाने किंवा नातेवाइकांनी केला, तर वकिलाचा खर्च आणि ग्राहक आयोगाने किंवा कोर्टाने ठरवलेली भरपाई कंपनी देते, अर्थात पॉलिसीच्या रकमेपर्यंत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून ही पॉलिसी हौसेची गोष्ट राहिली नाही.

प्रीमियम जास्त असण्याचं कारण साधं आहे. तुमच्या टेबलावर एकाच वेळी दोन रुग्ण असतात. बाळाच्या मेंदूला इजा झाली तर भरपाईत त्याच्या जन्मभराच्या देखभालीचा हिशेब येतो. शिवाय अज्ञान मुलाच्या दिवाणी दाव्याची मुदत ते सज्ञान झाल्यावर धावू लागते. म्हणजे आज रात्री केलेल्या सिझरची नोटीस, निदान कागदावर तरी, पंधरा-वीस वर्षांनी येऊ शकते. अंडररायटर, म्हणजे जोखीम तोलून दर ठरवणारा कंपनीचा माणूस, दर लावताना ही लांब शेपटी धरतो.

२. पेशंट सेफ्टीचं ट्रेनिंग केलं की प्रीमियम कमी होतो, असं एका कॉन्फरन्समध्ये ऐकलं. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. ‘ट्रेनिंग करा, इतके टक्के घ्या’ असा कायदा किंवा विमा नियामकाचा नियम आपल्याकडे नाही. डॉक्टरांच्या इन्डेम्निटीचा दर हा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, ठरवून देत नाही, कंपनी ठरवते. त्यामुळे सवलत मागता येते, पण ती हक्काची नाही. अंडररायटर आधी दाव्यांचा इतिहास पाहतो, मग स्पेशालिटी, खाटा, वर्षाच्या प्रसूती आणि पॉलिसीची रक्कम. ट्रेनिंग या सगळ्यानंतर, आणि तेही तुम्ही स्वतःहून कागद समोर ठेवलेत तर. प्रपोजल फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसेल तर वेगळं पत्र जोडा (प्रश्न ७).

३. मग परदेशात ही सवलत कशी देतात?

अमेरिकेत हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांचा विमा पाहणाऱ्या क्रिको या संस्थेने सिम्युलेशनचं, म्हणजे खोटा प्रसंग उभा करून सरावाचं, टीम ट्रेनिंग करणाऱ्या प्रसूतितज्ज्ञांना प्रीमियममध्ये सवलत द्यायला सुरुवात केली. त्याआधी हा प्रयोग त्यांनी भूलतज्ज्ञांवर केला होता.

इंग्लंडची पद्धत जास्त बनियागिरीची आहे आणि मला तीच जास्त पटते. तिथे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची रुग्णालयं एका सामायिक निधीत वर्गणी भरतात. २०१८ पासून प्रसूती विभागाच्या वर्गणीवर दहा टक्के जादा घेतले जातात आणि सुरक्षिततेच्या दहाही अटी पूर्ण केल्या तरच ते परत मिळतात. नऊ केल्यात तर पूर्ण परतावा नाही. या दहांत डॉक्टर, मिडवाइफ आणि भूलतज्ज्ञ यांनी एकत्र केलेलं आणीबाणीचं ट्रेनिंग ही एक अट आहे. ‘एकत्र’ हा शब्द लक्षात ठेवा, प्रश्न १० मध्ये लागेल.

४. ट्रेनिंगने दावे खरंच कमी होतात, की हा कोर्स विकणाऱ्यांचा प्रचार आहे?

शंका योग्य आहे. आकडे दोन्ही बाजूंचे आहेत.

ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात सगळ्या स्टाफला दरवर्षी ट्रेनिंग सक्तीचं केल्यावर खांदा अडकलेल्या प्रसूतींमध्ये बाळांना इजा होण्याचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. वर सांगितलेल्या हार्वर्डच्या गटातल्या २९२ स्त्रीरोगतज्ज्ञांचा अभ्यास २०२१ चा. सिम्युलेशनआधी दर १०० डॉक्टर-वर्षांमागे ११.२ दावे होते, नंतर ५.७ झाले. मात्र ही आधी-नंतरची तुलना आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नव्हते, हे विसरायचं नाही.

आता दुसरी बाजू. उत्तर प्रदेशात जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट आणि सोबत प्रशिक्षक, असा मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये निकाल आले. स्टाफच्या सवयी सुधारल्या, पण माता आणि बाळांच्या मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे भिंतीवर चेकलिस्ट लावून काम होत नाही. हात, औषध, रक्त आणि माणसं वेळेवर पोचली तरच होतं.

५. कोणतं ट्रेनिंग कंपनीला दाखवण्यासारखं आहे?

ज्यात हाताने काही करून दाखवावं लागतं आणि कोणीतरी ते तपासतं, ते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, झटके, खांदा अडकणं, सीटीजी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख) वाचणं, नवजात बाळाचं रिससिटेशन (श्वास सुरू करणं), बीएलएस-एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरचे जीव वाचवणारे उपचार) हे विषय अंडररायटरच्या पॅनेलवरच्या डॉक्टरला समजावून सांगावे लागत नाहीत.

व्यक्तीच्या सर्टिफिकेटपेक्षा संस्थेचं मानांकन जास्त वजनदार ठरतं. फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं ‘मान्यता’ प्रमाणपत्र १६ क्लिनिकल मानकांवर दिलं जातं. खासगी प्रसूतिगृहांसाठी मला ते सगळ्यात कामाचं वाटतं, कारण त्यात स्टाफचं कौशल्य प्रत्यक्ष पाहिलं जातं. सरकारी रुग्णालयांच्या लेबर रूमसाठी केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम २०१७ पासून आहे. एनएबीएच या रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या मंडळाचं मानांकन असेल तर तेही जोडा, पण त्यात लेबर रूम हा मोठ्या चित्राचा एक तुकडा असतो.

आणखी एक विषय लोक ट्रेनिंगमध्ये धरत नाहीत, तो म्हणजे संमती. २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात तपासणीच्या लॅपरोस्कोपीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. शस्त्रक्रियेत कौशल्य कमी पडलं की नाही, हा तिथे मुख्य मुद्दाच नव्हता.

६. वेबिनार केले आहेत, एमएमसीचे क्रेडिट पॉइंटही आहेत. ते चालतील?

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० पॉइंट लागतात. ते सगळ्यांकडेच असतात, त्यामुळे अंडररायटरला त्यातून तुमच्याबद्दल वेगळं काही कळत नाही. यादी जोडा, पण तिच्यावर सवलत मागू नका. पंचतारांकित हॉटेलातल्या सीएमईचे (डॉक्टरांच्या शिक्षण कार्यक्रमांचे) फोटो तर मुळीच जोडू नका. लोक जोडतात.

७. सवलत मागायची कशी आणि केव्हा?

पॉलिसी संपायच्या दीड-दोन महिने आधी. आदल्या आठवड्यात फोन केलात तर एजंट ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणेल आणि त्याचं चूक नाही, कारण दर बदलायचा असेल तर फाइल शाखेतून वर जाते.

एका पानाचं पत्र लिहा. वर्षाच्या प्रसूती, त्यातले सिझर, किती वर्षं दावा नाही, कोणी कोणतं ट्रेनिंग कधी केलं, आणि गेल्या बारा महिन्यांत लेबर रूममध्ये झालेल्या ड्रिलच्या, म्हणजे आणीबाणीच्या रंगीत तालमीच्या, तारखा. सर्टिफिकेटवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव एकच आहे का ते पाहा. लग्नाआधीच्या नावाने कौन्सिलची नोंदणी, नंतरच्या नावाने सर्टिफिकेट आणि पॉलिसीवर फक्त ‘डॉ. मिसेस’ अमुक, अशा फाइली महिनाभर अडकलेल्या पाहिल्या आहेत. प्रत्येक कागदावर नोंदणी क्रमांक लिहिला की हा घोळ मिटतो.

उत्तर लेखी मागा. आणि कितीही चर्चा चालू असली तरी प्रीमियम मुदतीत भरा. विमा कायद्यानुसार प्रीमियम जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही. सवलतीच्या घासाघिशीत चार दिवसांचा खंड पडला तर तो खूप महाग पडतो (प्रश्न १३).

८. वाचतात तरी किती?

हिशेब करून पाहू. समजा तुमचा प्रीमियम ३०,००० रुपये आहे आणि कंपनीने पाच टक्के सोडले. १,५०० रुपये वाचले. त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरला तर १,७७०. डॉक्टरांची सेवा जीएसटीमुक्त असल्याने भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून कराचे २७० रुपयेही खरेच वाचले. प्रीमियम व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतो. पण निम्मी जमा उत्पन्न धरून कर भरण्याचा सोपा मार्ग ज्यांनी घेतला आहे, त्यांना त्याची वेगळी वजावट मिळत नाही.

१,७७० रुपयांत दोन दिवसांच्या कोर्सची फी निघत नाही, ओपीडी बुडते ती वेगळीच. त्यामुळे फक्त सवलतीसाठी ट्रेनिंग करू नका. आम्ही तरी सवलतीपेक्षा त्याच पत्राच्या जोरावर दुसरं काही मागायला सांगतो: एक्सेस कमी करा, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुमच्या खिशातून जाणारी पहिली रक्कम कमी होईल. किंवा स्टाफच्या चुकीचं कव्हर त्याच प्रीमियममध्ये द्या. कंपनीला हे देणं अनेकदा टक्के सोडण्यापेक्षा सोपं जातं, आणि दावा आलाच तर तुमचा फायदा हजारांत नव्हे, लाखांत मोजला जाईल.

९. एजंट म्हणतो, कंपनी देत नसेल तर मी माझ्या कमिशनमधून देतो. घेऊ का?

नको. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ खाली पॉलिसी घ्यावी म्हणून कमिशनमधला वाटा किंवा प्रीमियममध्ये सूट देणंही चालत नाही आणि घेणंही चालत नाही. कंपनीच्या छापील माहितीपत्रकात असलेली सवलत तेवढी चालते. दंड दहा लाख रुपयांपर्यंत आहे. ‘सगळेच देतात’ हे आम्हालाही माहीत आहे.

१०. कोर्स मी केला. सिस्टर आणि मावशींनी केला नाही. पुरेल का?

तुमच्या वैयक्तिक पॉलिसीच्या पत्रासाठी पुरेल. लेबर रूमसाठी नाही. पहिली दहा मिनिटं तुम्ही तिथे नसता, घोडबंदर रोडवर किंवा सायन सर्कलला अडकलेले असता.

उपनगरातल्या एका प्रसूतिगृहात रात्री साडेअकराला रक्तस्रावाचं ड्रिल ठेवलं होतं. डॉक्टर नुकत्याच कोर्स करून आलेल्या, सगळं तोंडपाठ. सिस्टरने पीपीएचचा, म्हणजे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाच्या सामानाचा, डबा उघडला. रक्त थांबवायचा फुगा करायला कंडोम होता, कॅथेटर होता, बांधायचा धागा नव्हता. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, पण कोणाच्या तरी डब्यामागे. मिसोप्रोस्टॉलच्या कपाटाची किल्ली मेट्रनच्या पर्समध्ये आणि मेट्रन विरार लोकलमध्ये. फोनजवळ चिकटवलेल्या यादीतला ब्लड बँकेचा नंबर कधीच बदललेला. खऱ्या रुग्णात यातली प्रत्येक गोष्ट दाव्यातलं एकेक कलम झाली असती. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस रुपयांत सगळं नीट झालं.

विम्याच्या बाजूनेही फरक आहे. तुमची वैयक्तिक पॉलिसी आणि नर्सिंग होमची पॉलिसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टरच्या चुकीसाठी मालक म्हणून तुम्हाला जबाबदार धरतात, आणि ते कव्हर बहुधा वेगळं मागून घ्यावं लागतं. टीमच्या ट्रेनिंगचे कागद त्या पॉलिसीच्या फाइलीत लावा.

११. रात्रीचे आरएमओ (ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर) होमिओपॅथ आहेत. त्यांनाही ट्रेनिंग दिलं तर कव्हर होईल?

ट्रेनिंगने पात्रता येत नाही. १९९६ च्या पूनम वर्मा प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं देणं हीच हयगय, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. ते प्रकरण मुंबईचंच. त्यांना ड्रिलमध्ये जरूर घ्या. मदतीला बोलावणं, वेळ लिहिणं, रक्त आणवणं यात ते उपयोगी पडतात. पण प्रपोजल फॉर्ममध्ये ‘पात्र सहायक’ म्हणून त्यांचं नाव घालण्याआधी कंपनीला पदवीसकट लेखी विचारा. फॉर्ममध्ये चुकीची माहिती गेली तर ऐन दाव्याच्या वेळी सगळी पॉलिसीच वादात सापडते.

१२. मी महापालिकेच्या रुग्णालयात नोकरीला आहे. मला याचा काही उपयोग?

सर्वांना पूर्ण मोफत सेवा देणारं रुग्णालय ग्राहक कायद्याच्या बाहेर राहतं. दिवाणी दावा मात्र होऊ शकतो आणि त्यात भरपाईचा भार बहुतेक वेळा मालक म्हणून महापालिकेवर येतो. संध्याकाळी खासगी प्रॅक्टिस करत नसाल तर सवलतीचा विचार सोडून द्या. करत असाल, तर पॉलिसीत ती जागा आणि ते काम लिहिलेलं आहे का ते आधी पाहा. व्हिजिटिंग कन्सल्टंटनाही हेच लागू. तीन नर्सिंग होममध्ये जाता आणि पत्रात ड्रिल एकाच ठिकाणचं, असं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

१३. दुसरी कंपनी ट्रेनिंगवर चांगली सवलत देते आहे. बदलू का?

आधी रेट्रोॲक्टिव्ह तारीख विचारा, टक्के नंतर.

या पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ असतात. घटना कधी घडली याबरोबर दावा कधी आला हेही पाहिलं जातं. दावा पॉलिसी चालू असताना यायला हवा आणि घटना रेट्रो तारखेनंतरची हवी. समजा तुमची पहिली पॉलिसी २०१६ ची. नव्या कंपनीने रेट्रो तारीख आजची लिहिली, तर २०१६ पासूनच्या सगळ्या प्रसूती उघड्या पडल्या. सवलत १,७७० रुपयांची आणि उघडं पडलेलं काम सगळ्या वर्षांचं, असा हा सौदा होतो. जुनी तारीख नव्या पॉलिसीच्या शेड्युलवर छापून येणार असेल तरच बदला. एजंटचा व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे शेड्युल नव्हे.

प्रॅक्टिस बंद करणाऱ्यांनाही हेच. निवृत्तीनंतर लगेच पॉलिसी सोडली तर नंतर येणारा दावा तुमच्या अंगावर. बाळांच्या दाव्यांची मुदत प्रश्न १ मध्ये सांगितली आहे.

१४. एक केस आधीच चालू आहे. तरी सवलत मागू?

मागा, पण केस लपवू नका. ‘दावा आला, त्यानंतर आम्ही हे बदललं’ असं तारखांसह लिहिलेलं पत्र नुसत्या ‘दावा नाही’पेक्षा कमी परिणामकारक असतं असं नाही. टक्के नाही मिळाले तरी प्रीमियमवरचा बोजा थोडा हलका होऊ शकतो. जो दावा चालू आहे तो मात्र ज्या पॉलिसीत कळवला त्याच पॉलिसीत राहतो. नव्या सवलतीचा किंवा वाढीव रकमेचा त्याला उपयोग नाही.

१५. ड्रिलच्या रजिस्टरमध्ये उणिवा लिहिल्या तर उद्या तेच आमच्याविरुद्ध वापरतील. कोरं ठेवलेलं बरं नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुधा हळू आवाजात.

रजिस्टर मागवलं जाऊ शकतं, हे खरं. म्हणून उणीव लिहिली की तिच्या शेजारी ती कोणी आणि कोणत्या तारखेला दूर केली हे लिहायचंच. ‘धागा नव्हता’ एवढंच लिहून सहा महिने तसंच सोडलंत तर ते पान नक्की तुमच्यावर उलटेल. ‘धागा नव्हता, दुसऱ्या दिवशी ठेवला, सही’ हे पान तुमच्या बाजूने बोलतं. ड्रिल हा रुग्णाचा केस पेपर नाही, त्यात कोणा खऱ्या रुग्णाचं नाव घालायचं नाही.

ट्रेनिंगचा खरा परिणाम केस पेपरवर दिसायला हवा. ‘रक्तस्राव, औषधं दिली, कॉल केला’ या एका ओळीवर तुमच्या वकिलाला काही करता येत नाही. ‘२.१० रक्तस्राव जास्त, २.१२ ऑक्सिटोसिन, २.१५ मॅडमना फोन, २.२० रक्त मागवलं’ यावर करता येतं. ड्रिलमध्ये वेळ लिहिणारा एक माणूस वेगळा ठेवायची सवय लावा. आणि दावा आल्यावर मागच्या तारखेने काही लिहू नका. केस पेपरची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असते, नंतर भरलेली शाई लगेच ओळखू येते.

१६. कोणत्या गोष्टींत ट्रेनिंग, सवलत, पॉलिसी काहीच कामाला येत नाही?

पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी) किंवा गर्भपात कायद्याचा भंग, दारूच्या अमलाखाली केलेलं काम, आणि फौजदारी शिक्षा किंवा दंड. हयगयीने मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद विमा भोगत नाही. फौजदारी बचावाचा वकील मिळतो का हे पॉलिसीगणिक बदलतं, कलम वाचून घ्या.

नसबंदी फसली तर? २००५ च्या शिवराम प्रकरणानुसार नुसती शस्त्रक्रिया फसणं म्हणजे हयगय नव्हे. पण ती फसू शकते हे आधी सांगितल्याची सही हवी.

१७. नोटीस आली. आधी ट्रेनिंगचे कागद काढू की कंपनीला कळवू?

कंपनीला, त्याच दिवशी, लेखी. नातेवाइकांना परस्पर पैसे देऊ नका, चूक कबूल करणारं पत्रही देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय केलेली तडजोड कंपनी मानत नाही. प्रकरण परळच्या किंवा वांद्र्याच्या जिल्हा आयोगात गेलं असेल तर उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. या ४५ दिवसांपुढे एक दिवसही वाढत नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. ट्रेनिंगचे कागद वकिलाला त्या उत्तराबरोबर लागतील.

१८. कंपनीने सवलत कबूल केली आणि पॉलिसीत दिली नाही. तक्रार कुठे?

पहिलं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर. त्यानेही झालं नाही तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे आणि वैयक्तिक पॉलिसीच्या तक्रारीला फी नाही. मात्र ‘सवलत दिली नाही’ एवढीच तक्रार टिकणार नाही, दर ठरवणं कंपनीचा अधिकार आहे. ‘लेखी कबूल केली आणि दिली नाही’ ही टिकते. प्रश्न ७ मध्ये उत्तर लेखी मागायला सांगितलं ते यासाठीच.